बाजार ते बाजार फोन बंद

मी फोन बंद करून आईच्या हातात दिला तेव्हा तिनं माझ्या तब्येतीचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "मग पाणी कधी येणार ते कुणी सांगायचं?"

प्रश्न रास्त होता. गेलं वर्षभर आमच्या वसाहतीला पाण्याची वेळ मी सांगत होते.

ही वसाहत सोलापूरच्या कडेला, मागावर काम करणाऱ्यांची. पाणी वसाहतीचीच एक कमिटी सोडते. टाकी कमिटीची, चाव्या कमिटीच्या, चावी फिरवणारा माणूस कमिटीचा. वेळ मात्र कुणाचीच नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी मध्ये चार दिवस खडखडाट. ज्या घरातली सगळी माणसं कामावर, त्या घरचा नळ वाहून जाणार आणि संध्याकाळी त्याच घरातली बाई शेजारी बादली मागत फिरणार. आम्ही यावर पत्रक काढलं. "पाणी तुमच्या मर्जीनं, अंघोळ आमच्या नशिबानं?" ही ओळ माझी. पोरांनी ती भिंतीवरही रंगवली. मोर्चा नेला, कमिटीच्या खोलीसमोर बसलो, घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी सेक्रेटरी बाहेर आले. निवृत्त माणूस, बोलणं मऊ, पान खाऊन तोंड कायम अर्धं मिटलेलं. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आमचा माणूस चावी फिरवायच्या आधी ताईंना फोन करेल. ताई सगळ्यांना कळवतील. झालं समाधान?"

झालं. आम्ही पेढे वाटले. "विजय" असं ठसठशीत छापून आणखी एक पत्रक काढलं, ते मीच लिहिलं.

त्या दिवसापासून माझा फोन म्हणजे वसाहतीची घंटा. चावीवाल्याचा फोन आला की मी ग्रुपवर टाकायचं. ग्रुपवर टाकलं तरी वीस जणांना ते दिसत नाही, ते फोन करणार. ज्यांच्याकडे फोन नाही ते दारात येणार. मी ताटावर असो, आजारी असो, दुसऱ्या गावी सभेत असो, "ताई, पाणी?" आलं नाही तर "ताई, काय झालं?" उशिरा आलं तर "ताई, तुम्ही तर तीन म्हणाला होता." जणू टाकी माझ्या माळ्यावर होती.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. छापखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या पत्रक लिहून आत दिलेलं आहे. फोन बंद केला त्या महिन्यात मागावरच्या बायकांना कारखान्यात संडास नाही यावर लिहायला बसले आणि दुपार गेली तरी पहिली ओळ येईना. दर अर्ध्या ओळीला फोन. शेवटी कागद वाचला तर लिहिलं होतं, "बंधू-भगिनींनो, पंधरा मिनिटांत येतंय, मोठी भांडी आधी भरा." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कागद फाडला आणि ठरवलं, जायचं.

फोन काढून घेऊन माणसाला शांत करणारी शिबिरं निघाली आहेत, त्यांच्या जाहिराती फोनवरच येतात. डोंगर, गवताची टोपी घातलेल्या झोपड्या, मिटलेले डोळे. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांचा फोन नवरा रोज संध्याकाळी काढून घेतो, तपासतो आणि परत देतो. त्याला कुणी शिबिर म्हणत नाही. मला असलं काही नको होतं. मला फक्त एक खोली हवी होती, जिच्या दारात येऊन कुणी "ताई, पाणी?" म्हणणार नाही.

ती आत्याकडे होती. आत्या वळसंगला राहते, तिच्या शेतात अवजारं ठेवायची पत्र्याची खोली आहे. आमच्या आत्याकडे दिवस आठवडी बाजारानं मोजतात, म्हणून मीही तसंच ठरवलं. एका बाजाराला जायचं, पुढच्या बाजाराला परतायचं, मधल्या दिवसांत फोन नाही. कमिटीच्या खोलीत जाऊन सांगून आले, "मी नसेन तोवर वेळ दारावर लिहा." सेक्रेटरी म्हणाले, "बघू." ग्रुपवर टाकलं, "माझा फोन बंद राहील. पाण्याची वेळ कमिटीला विचारावी." खाली दहा-बारा नमस्काराचे हात आले आणि त्याच्या खाली, "ताई, उद्या पाणी कधी?"

आई म्हणाली, "चालूच ठेव ना, मी उचलत जाईन."

मी नको म्हटलं. का नको ते तेव्हा धड सांगता आलं नाही. आई दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसली आहे एवढं डोळ्यांसमोर आलं आणि राग आला.

आत्यानं मला एसटीतून उतरताना बघितलं, पिशवी घेतली आणि चालता चालता चौकशी चालू केली.

"भांडून आलीस?"

"नाही गं."

"मग कुटं जमवलंयस? घरात सांगितलं न्हाईस?"

"तसलं काही नाही."

"पोलिसांचं काय लागलंय का मागं? तुजं काय सांगता येत न्हाय."

"आत्या, मला जरा एकटीनं बसायचंय. विश्रांती घ्यायची, विचार करायचाय."

"कशाचा?"

"तेच बसून ठरवायचंय."

आत्या थांबली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "लई शिकल्यावर असं हुतंय व्हय," आणि पुढं निघाली. एकटीला रानात झोपू द्यायला ती तयार नव्हती. मीही हटले नाही. शेवटी तडजोड अशी झाली की तिचं कुत्रं माझ्या दारात बांधायचं. कुत्र्याला माझी राखण करण्यात काही रस नव्हता, ते गावाकडे तोंड करून बसायचं.

पहिले दोन दिवस मी झोपले. ताप उतरल्यावर येते तशी झोप, उठून पाणी प्यायचं आणि परत आडवं व्हायचं. मध्येच कमरेपाशी फोन थरथरल्यासारखा वाटायचा. हात जायचा, तिथं नुसती ओढणीची गाठ. बाहेर हरभरा होता, त्यापलीकडं उभी ज्वारी. ती वाऱ्यानं वाजली की मला वाटायचं कुणी कागद चाळतंय.

एकटं राहणं हा आपल्याकडे आजार आहे, हे मला तिथं कळलं. बांधावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबला. शेजारच्या रानातल्या बाईनं आत्याला हाक मारून कानडीत काहीतरी विचारलं, दोघी माझ्याकडे बघून बराच वेळ बोलल्या. मला कानडी येत नाही, पण विषय मीच होते हे कळायला भाषा लागत नाही. एक म्हातारबाबा रोज यायचे.

"रुसून आलीया व्हय, बाई?"

"नाही बाबा."

"मग घरला फोन लाव की. माजा घे. बॅलन्स हाय त्यात."

"माझाच बंद ठेवलाय मी."

"मोडला?"

"चांगलाय."

ते मान हलवून जायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच फोन खिशातून अर्धा बाहेर काढत परत यायचे. आयुष्यात इतक्या लोकांनी मला स्वतःहून फोन देऊ केला नव्हता, आणि तो मला नको होता तेव्हाच.

लोक सांगतात, चार दिवस शांत बसलं की राग जातो. माझा गेला नाही. निवळला. गढूळ पाणी रांजणात ठेवल्यावर जसा गाळ खाली बसतो तसा, आणि मग तळ दिसायला लागला. झोप पुरी झाल्यावर मी बांधावर चालायला लागले आणि चालता चालता डोक्यात पत्रक लिहायला लागले. सवयच ती. विषय सहज पाण्याचा घेतला, कारण तो पाठ होता. मला पत्रक लिहायला शिकवलं त्या जुन्या कार्यकर्त्या बाई एक गोष्ट कायम सांगायच्या. गोलगोल लिहू नकोस, कोण जबाबदार ते पहिल्याच ओळीत येऊ दे, नाहीतर लोक वाचतात, हळहळतात आणि घरी जातात.

म्हणून मी स्वतःला विचारलं. वसाहतीला पाण्याची वेळ कोण सांगतं?

मी.

वेळ चुकली तर शिव्या कोण खातं? मी. कमिटीच्या दारात गेल्या वर्षभरात किती माणसं गेली? एकही नाही. कशाला जातील, ताई आहे ना. सेक्रेटरींना कुणी जेवताना उठवलं? कुणी नाही.

मी हरभऱ्याच्या कडेला उभी राहिले. ज्याच्याविरुद्ध मोर्चा काढला त्याचंच काम मी वर्षभर फुकटात करत होते, आणि त्याला विजय म्हणून पेढे वाटले होते. पेढ्याचा बॉक्स उघडून पहिला पेढा सेक्रेटरींच्याच हातावर ठेवला होता. ते हसले होते. आता कळलं का हसले होते. मला इतका संताप आला की मी मोठ्यानं बोलले, आणि कुत्र्यानं पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं.

तेव्हाच ठरलं. बाजार झाला की परत जायचं, पण ती घंटा परत गळ्यात बांधायची नाही.

ठरवणं सोपं होतं, कारण समोर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या बांधावरून येताना दिसली. हातात फोन, तो अंगापासून लांब धरलेला, आतून आवाज येत होता.

"तुज्या गल्लीतली खाला हाय म्हनं. तुज्या आईनं नंबर दिलाय. घे."

खाला म्हणजे आमच्या समोरच्या घरातली. माझ्या जन्माच्या वेळी आईला दवाखान्यात नेणारी. मी हात मागं घेतले.

"मी फोन घेत नाही, आत्या. तू धर. मी इथूनच बोलते."

आत्यानं कपाळाला हात लावला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला.

"बेटा," खालाचा आवाज आला, "तीन रोज हो गये, नळ को बूंद नै. चावीवाला कायकू फोन नै करा बोल के तेरी अम्मा को पूछी, तो बोली तेरा बंद है. घर में बहू जच्चा है, मालूम है ना तेरेकू?"

मला माहीत होतं. तिची सून बाळंत होऊन जेमतेम घरी आली होती. मी चावीवाल्याला एक फोन केला असता तर तासाभरात पाणी आलं असतं, हेही मला माहीत होतं. आणि मग मी परत तीच घंटा झाले असते. या वेळी बाळंतिणीच्या नावानं, पुढच्या वेळी आणखी कुणाच्या.

"खाला, सेक्रेटरींच्या दारात जा," मी म्हटलं. "कमिटीच्या खोलीवर. बाळंतिणीचं सांगा. सगळ्यांना घेऊन जा."

"तू फोन लगा ना एक. तेरी सुनते वो लोगां."

"माझं ऐकतात म्हणूनच तुमचं ऐकत नाहीत. मी लावणार नाही."

मग खाला म्हणाली, "अच्छा," फक्त एवढंच. ती शिव्या देते तेव्हा मला बरं वाटतं. आत्यानं फोन स्वतःच्या कानाला लावला, दहा मिनिटं बाळंतिणीला काय खायला द्यावं ते सांगितलं, बाळाचं वजन विचारलं, मग बंद केला.

"दगुड हायस," ती मला म्हणाली आणि भाकरीचं फडकं खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

त्यापुढचे दिवस विश्रांतीचे नव्हते. एकदा पिशवी भरून फाट्यावर गेले, एसटी आली, दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, "चढा की." मी चढले नाही. तो म्हणाला, "मग हात कशाला केला?" त्याला काय सांगणार? घरी गेले असते तर दारात पोचायच्या आत मी कुणाचा तरी फोन मागितला असता. परत खोलीवर आले. कुत्र्याच्या शेजारी बसून गावाकडे तोंड केलं. मी चुकत असेन तर एका लहान बाळाला त्याचा त्रास होणार होता. मी चुकत नव्हते असं मला वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी छातीत धरून बसणं यालाच ते शिबिरवाले चिंतन म्हणत असतील, तर त्यांनी जाहिरातीतल्या त्या बाईचे डोळे मिटलेले दाखवू नयेत.

बाजाराच्या दिवशी आत्यानं वाळकं, हरभऱ्याचं ढाळं आणि बाळंतिणीसाठी वेगळी बांधलेली एक पुरचुंडी दिली. "तिला आदी दे," म्हणाली. "मग घरात जा."

वसाहतीत शिरले ती टाकीच्या बाजूनं. कमिटीची खोली टाकीला लागूनच. तिच्या दारात घागरी होत्या. घागरी, कळशा, प्लॅस्टिकच्या बादल्या, कान तुटलेला एक तेलाचा डबा. दारापासून सुरू झालेली ओळ टाकीला वळसा घालून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. माणूस एकही नव्हता. दाराच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं, "उद्या सकाळी आठ."

खालाच्या हातात पुरचुंडी दिली. तिनं ती घेतली, माझ्याकडे बघितलं नाही, पण "चाय पी के जा," म्हणाली. बाकीचं आईनं सांगितलं, पदर खोचून, हातवारे करत.

खाला त्या दिवशी फोन ठेवून तशीच कमिटीच्या खोलीवर गेली. दार बंद. बाळ रडतंय म्हणून घरी परत यायचं होतं, तर हातातली घागर तिनं दारातच ठेवली. थोड्या वेळानं पलीकडच्या गल्लीतली एक बाई तिकडून गेली. दारात घागर दिसली. आमच्याकडे भांडं रांगेत लागलं म्हणजे माणूस रांगेत लागला, टँकरच्या दिवसांपासूनचा हा कायदा. तिला वाटलं टँकर येणार, नंबर लागायला लागले. ती घरी पळत गेली आणि कळशी आणून खालाच्या घागरीमागं ठेवली. तिला बघून तिसरी. संध्याकाळपर्यंत निम्मी वसाहत रांगेत होती, आणि रांग कशाची आहे ते एकीलाही माहीत नव्हतं.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी पण ठेवली की बादली," आई म्हणाली. "सगळ्यांची होती, आपली नको?"

दुसऱ्याचं भांडं कुणी हलवत नाही. हलवलं तर काय होतं ते वसाहतीनं पूर्वी बघितलंय, दोन घरं अजून बोलत नाहीत. सकाळी सेक्रेटरी आले तर दारापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. चावीवाल्याला म्हणाले, उचल ही भांडी. तो म्हणाला, साहेब, पगार द्या न द्या, मी बायकांच्या भांड्याला हात लावणार नाही. सेक्रेटरी उन्हात उभे. तेवढ्यात खाला आली. लोक विचारायला लागले, टँकर कधी? खाला म्हणाली, टँकर नाही, माझी घागर आहे ती, आणि हे दारावर वेळ लिहीपर्यंत ती तिथून हलणार नाही. मग बाकीच्यांनीही आपापलं भांडं उचललं नाही. एकदा लागलेला नंबर कोण सोडतं? माणसं कामावर गेली. घागरी बसून राहिल्या.

"दुपारी पाणी सोडलं," आई म्हणाली, "आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खडूनं लिहिलं. तोंडात पान पण नव्हतं. पण आज लिहिलं, उद्याचं काय, म्हणून भांडी कुणी उचलली नाहीत."

ना पत्रक, ना घोषणा, ना मी. खरं सांगते, थोडं टोचलं. एवढ्या मोर्च्यांत मला कधी सुचलं नव्हतं की आपण घरी जाऊन भाकऱ्या कराव्यात आणि ठिय्या भांड्यांना द्यायला लावावा.

फोन चालू केला. ग्रुपवर पहिले काही दिवस माझ्या नावानं नुसता आरडाओरडा होता, मग तो विरळ होत गेला, मग कुणीतरी खडूच्या अक्षरांचा फोटो टाकला होता. शेवटचा निरोप सेक्रेटरींचा. "ताई, आल्यावर भेटा."

भेटले. दार भांड्यांनी अडलेलं, म्हणून बाजूच्या खिडकीतून आत जाण्यासाठी त्यांनी स्टूल लावलं होतं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "हे खडूचं काही बरोबर नाही. पावसात जाईल, पोरं पुसतील. उद्यापासून आमचा माणूस पहिल्यासारखा तुम्हाला फोन करेल."

"करू नका. मी उचलणार नाही."

"लोकांची गैरसोय होईल, ताई."

"होईल. ते तुम्हाला येऊन सांगतील."

"आता पाणी वेळेवर येतंय. निदान ही भांडी तरी उचलायला सांगा."

मी घरी गेले, माझी कळशी घेतली आणि रांगेच्या शेवटी, गल्लीच्या तोंडाशी ठेवली. ते खिडकीतून बघत होते. दारावर पक्की पाटी लागेपर्यंत ती तिथंच राहील, एवढं सांगून आले. पाटी लागेल का, माहीत नाही. खडू पुसला जाईल हे ते खरं बोलले होते. पुसला तर परत लिहायला त्यांना स्टुलावरून उतरावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासाच्या पत्रकाची पहिली ओळ लिहीत होते. फळीवर फोन वाजला. चावीवाल्याचं नाव.

"वाजतोय," आई म्हणाली.

"वाजू दे."

ती फोनकडे बघत उभी राहिली. तिचा हात दोनदा पुढं झाला. फोन वाजून थांबला, परत सुरू झाला. तेवढ्यात बाहेरून खालाचा आवाज आला, ती टाकीकडून येत होती आणि दारोदारी सांगत होती, "कल का ग्यारा लिखे, ग्यारा."

आईनं फोनकडे पाठ केली आणि पिंप घासायला घेतलं.